स्वागताध्यक्षांचा बिल्ला

आक्का गेल्यावर भेटायला आलेली माणसं तिच्या आवाजाबद्दलच बोलत होती. कुणाला शाळेतली प्रार्थना आठवत होती, कुणाला जयंतीच्या कार्यक्रमात तिनं माइक नसताना म्हटलेली गाणी. मी चहा देत होतो आणि ऐकत होतो. मला आठवत होता तो तिचा श्वास. आजारपणातला शेवटचा नव्हे. त्याआधीचा, वर्षानुवर्षं सकाळी स्वयंपाकघरातून ऐकू येणारा, दोन ओळींच्या मधला. भेटायला आलेल्या माणसांना असलं काही सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसलो आहे. रोज पानभर होतं, कधी तेवढंही होत नाही.

आम्ही नगर जिल्ह्यातल्या बेलापूरचे. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते आणि सुटीच्या दिवशी कलापथकात. त्यांच्यामुळे आक्का फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून स्टेजवर उभी राहिली. स्टेज म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. वीज हमखास जायची, कर्णा मुका व्हायचा, आणि वडील खालून ओरडायचे, "म्हन पोरी, तसंच म्हन!" ती म्हणायची. मैदानाच्या टोकाला शेंगा विकणाऱ्या बाईपर्यंत आवाज जायचा. एक सूर धरून ती इतका ओढायची की लोक शिट्ट्या मारायला लागायचे, आणि शिट्ट्या ऐकून ती आणखी ओढायची.

पुढे ती डी.एड. झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. तिचं लग्न झालं आणि ती परत आली. त्याबद्दल ती बोलत नसे. मीही लिहिणार नाही. वडील गेले होते. घरात आई, ती आणि मी. मी तेव्हा नुकताच कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो होतो. तिशी उलटल्यावर एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, ती परस्पर श्रीरामपूरला गेली आणि गाणं शिकायचं ठरवूनच घरी आली. गाणं म्हणजे रागदारी.

आई म्हणाली, "आता ह्या वयात? आन् आपल्यात कोन गातं असलं?"

"मी गानार हाय," आक्का म्हणाली आणि पीठ मळायला बसली.

तिचे मास्तर म्हणजे एका हायस्कुलातून निवृत्त झालेले संगीतशिक्षक. विद्वान माणूस, पण दम्यानं पार खाल्लेला. हार्मोनियमवर बोटं अजून पाण्यासारखी चालायची. गळ्यातून दोन सुरांपलीकडे काही निघत नसे. आक्काचा आवाज ऐकून ते पहिल्या दिवशी खूश झाले. नंतर त्यांच्या लक्षात आलं की तिला श्वासच घेता येत नाही.

"तुझं गाणं मैदानात वाढलंय," ते माझ्यादेखत तिला म्हणाले. मी तिला न्यायला गेलो होतो. "मैदानात माणूस छातीत असेल तेवढं सगळं ओढून संपवतो आणि मग घटाघटा श्वास पितो. तिथं ते शोभतं. ख्यालात नाही शोभत. तुझी ओळ मधेच तुटते, बाई. दर वेळी तुटते."

"मग कसा घ्यायचा?"

"तेच तर मला दाखवता येत नाही ना." त्यांनी छातीवर हात ठेवला. "सांगून होत असतं तर वर्षभरात झालं असतं."

वर्षभरात ते झालं नव्हतं. त्या उन्हाळ्यात त्यांनी तिला सरळ सांगितलं की आपण इथं थांबू, तू भावगीतं म्हण, छान म्हणशील. आक्का खाली बघत बसून राहिली, उठेना. तेव्हा मास्तरांनी शेजारचं वर्तमानपत्र उचललं. नगरला एका मोठ्या गायिकेची रविवारी सकाळची मैफल होती, त्याची जाहिरात आली होती. त्या बाईंचं गाणं आक्का रेडिओवर ऐकत आली होती. त्यांचं नाव निघालं की तिच्या हातातला झाडूसुद्धा थांबायचा.

"हिला जाऊन बघ," मास्तर म्हणाले. "रेडिओवर काय, ऐकतेसच. बघ. पुढं बसून बघ. श्वास कुठं घेते, केव्हा घेते. ते दिसलं तर परत माझ्याकडे ये, पुढचं शिकवतो. नाही दिसलं तर येऊ नकोस. तुझे शनिवार मला फुकट घालवायचे नाहीत."

म्हणजे प्रश्न एका तिकिटाचा होता, आणि तेही पुढच्या रांगेतल्या.

तिकीटविक्रीच्या दिवशी आम्ही पहिल्या एसटीनं नगरला गेलो. नाट्यगृहाच्या खिडकीपुढे माणसं थोडी आणि चपलांची रांग मोठी. हे आम्हाला ओळखीचं होतं. रेशनच्या रॉकेलला आमच्याकडे असाच नंबर लागायचा: कुणी चप्पल ठेवायचं, कुणी डबा, कुणी नुसता दगड, आणि माणसं सावलीला बसायची. दगडाचा मान माणसाएवढाच. आम्हीही चपला काढून रांगेच्या शेवटी ठेवल्या आणि भिंतीच्या सावलीला उभे राहिलो.

शेजारी एक छत्रीवाल्या बाई होत्या, शहरातल्याच. त्यांनी आधी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आक्कानं सांगितलं.

"अच्छा," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे ते जयंतीचं असतं ना गाणं. हे कसं काय आवडतं तुम्हाला?"

"हो, जयंतीचंच," आक्का शाळेतल्या भाषेत म्हणाली. "घसा तिथंच तयार झाला. आता श्वास तेवढा राहिलाय, तो घ्यायला आलेय."

बाईंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. आक्का तिथून निघाली आणि अनवाणीच चपलांच्या रांगेच्या कडेनं चालू लागली. रोज वर्गाबाहेरच्या चपला बघणारी ती शिक्षिका. कुठली जोडी कुणाची हे तिला न विचारता कळायचं. मधेच ती थांबली.

"भाऊ, हिकडं ये. हा मानूस बघ. दोनी पाय डावे."

खरंच दोन्ही चपला डाव्या पायाच्या होत्या. पुढच्या जोडीत एक बायकांची आणि एक पुरुषाची. त्यापुढची अंगठा तुटलेली, मग एक नुसताच तळ. पुढची निम्मी रांग असली होती. चांभारानं फेकलेल्या चपला कुणीतरी गोळा करून आणल्या होत्या.

आक्का मागं सरली आणि प्रार्थनेच्या वेळचा आवाज लावून म्हणाली, "ज्यांच्या चपला आहेत त्यांनी त्या पायात घालून उभं राहायचं. सगळ्यांनी. चला!"

गंमत म्हणजे लोक खरंच उठले. पटापट पाय सरकवून उभे राहिले, एक पेन्शनर आजोबासुद्धा. ज्यांत पाय आले नाहीत त्या चपला आक्कानं आजोबांच्या काठीनं ढकलत गटारीच्या कडेला नेल्या.

तेव्हा टपरीमागून एकजण धावत आला. शर्टाच्या खिशात कंगवा, कॉलरखाली चौकटीचा रुमाल. सिनेमाच्या थेटरांबाहेर तिकिटं ब्लॅक करणारा हा माणूस नगरमध्ये सगळ्यांना तोंडओळखीचा होता.

"ओ ताई! रांग मोडायची न्हाई हां. ती माझी मानसं हायत."

"कुठं हायत?"

"चहाला गेलीत."

"अनवानी?"

लोक हसले. त्याला राग आला नाही, उलट तोही हसला. "पाय भाजत्यात म्हनून तर पळत गेलीत," तो म्हणाला.

"त्यांना म्हनावं, दोन डावे पाय घिऊन पळू नका, पडाल."

आम्ही बरेच पुढे सरकलो. खिडकी उघडली. आतल्या माणसानं खुर्च्यांचा प्लॅन पसरला आणि आमचे चेहरे उतरले. पुढच्या सगळ्या रांगांवर लाल पेन्सिलीनं फुल्या आधीच मारलेल्या होत्या. "निमंत्रित," तो म्हणाला. संस्थांचे संचालक, पदाधिकारी, पुढारी. मागच्या खुर्च्यांपैकीही बऱ्याच काट मारलेल्या. उरलेल्या बघता बघता गेल्या. आमच्या पुढच्या पेन्शनर आजोबांना खांबाआडची एक खुर्ची दाखवली, त्यांनी ती नको म्हणून मान हलवेपर्यंत आतून कुणीतरी ती मागून घेतली. आक्का खिडकीशी पोचली तेव्हा त्या माणसानं प्लॅनची गुंडाळी केली होती.

रुमालवाला टपरीला टेकून उभा होता. त्याच्या हातात तिकिटांचा जुडगा होता.

"चपला फेकल्या, पर तिकिटं माझ्याकडंच," तो म्हणाला. राग नाही, नुसती माहिती. "खिडकीला मागची बाजूबी असती, ताई. घ्या. तुमच्यासाठी तिप्पट. दुसऱ्याला चौपट सांगतोय."

"कितवी रांग?"

"रांग काय करायची? गानं ऐकायचंय ना? आवाज मागं येत न्हाई व्हय?"

"मला बघायचंय."

"गानं?" त्यानं मला विचारलं, "गानं बघायचं म्हनत्यात ह्या?"

"पुढच्या दोन रांगांतलं असंल तर बोला," आक्का म्हणाली.

"पुढचं माझ्या बापाला मिळायचं न्हाई. ती खादीवाल्यांची. पन मागचं घिऊन टाका, मागाहून रडाल."

मला घ्यावंसं वाटत होतं. निदान आत तरी जाऊ, असं मी तिला हळूच म्हटलं. आक्कानं मान हलवली. "मागं बसून मला रेडिओच ऐकू येनार. त्यो घरी हाय."

परतीच्या एसटीनं राहुरी गाठली. तेव्हा आक्का अचानक म्हणाली, "भाऊ, त्या रविवारी आपल्याकडं पत्रिका किती आल्यात?"

घरी आरशामागे लग्नपत्रिकांचा गठ्ठाच होता. सगळ्या त्याच रविवारच्या. दाट तिथी होती. आमच्या चुलत मामाच्या मुलीचं लग्नही त्याच दिवशी होतं. आक्कानं पत्रिका जमिनीवर पसरल्या आणि मला समजावून सांगितलं. निमंत्रित म्हणजे पुढारी. पुढारी सकाळी येणार, दिवा लावणार, हार घालणार, फोटो काढून घेणार. पण दुपारचे मुहूर्त कुठं पारनेर, कुठं सोनई, एकेकाला चार-चार ठिकाणी अक्षता टाकायच्या. लग्न चुकलं तर मत चुकलं. गाण्यासाठी कुठला पुढारी लग्न सोडेल?

"मध्यंतराला समदे उठनार. आपन दारात उभं ऱ्हायचं आन् गेटपास मागून घ्यायचा."

गेटपास म्हणजे काय हे सांगायला हवं. यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. मध्यंतराला बाहेर पडणाऱ्याला दारावर शिक्का मारलेला पुठ्ठ्याचा तुकडा मिळायचा, तो दाखवला की परत आत. ज्याला कंटाळा आला असेल तो आपला तुकडा बाहेरच्या पोरांना देऊन टाकायचा. लहानपणी आक्कानं आणि मी कितीतरी सिनेमे असे निम्म्यापासून पाहिले. नायक आणि नायिकेची ओळख कशी झाली, हे आम्हाला कधी कळायचं नाही. आम्ही आत जाईपर्यंत त्यांचं भांडण झालेलं असायचं.

"नाट्यगृहात गेटपास असतो का, आक्का?"

"थेटर म्हटलं की गेटपास आलाच," ती म्हणाली. इतक्या ठामपणे म्हणाली की मलाही ते पटलं. आम्ही दोघांनी नाट्यगृहात पाऊल कधी ठेवलं नव्हतं.

रविवारी आई लग्नाला गेली, आमच्याशी न बोलता. आम्ही नगरला गेलो. नाट्यगृहाच्या आवारात जीपा आणि पांढऱ्या अ‍ॅम्बॅसडर ओळीनं लागल्या होत्या. पांढरे कपडे घातलेली माणसं आत जात होती, त्यांच्या खिशांवर झुलणारे रेशमी बिल्ले होते. रुमालवाला फाटकात होताच.

"आलात का? आता पाचपट हाय," तो म्हणाला. मग आक्काकडे नीट बघून, "बसा सावलीला. ऊन लागंल."

दार बंद झालं. बाहेर थांबलेले आम्ही एकटे नव्हतो. पेन्शनर आजोबा होते, गाणं शिकणाऱ्या दोन मुली होत्या, आणखीही काहीजण होते. गाणं सुरू झाल्याचं आम्हाला फक्त डग्ग्यावरून कळलं. भिंतीतून तेवढाच बाहेर येत होता. आक्का भिंतीला कान लावून उभी राहिली नाही. ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. पदर कमरेला खोचला होता. सावली सरकत गेली तसे आजोबा सरकत गेले. ती जागची हलली नाही.

मध्यंतर झालं आणि तिचा हिशेब तंतोतंत खरा ठरला. दार उघडताच खादीचा लोंढा बाहेर आला. ड्रायव्हर पळाले, दारं आपटली, कुणी म्हणत होतं "आधी सोनईचं उरकू," कुणी म्हणत होतं "पारनेरला नवरदेव अजून पारावरच हाय, निघू या सावकाश."

आक्का पुढे झाली. "साहेब, तुम्ही परत येणार नसाल तर तुमचा गेटपास द्याल का?"

"कसला पास?" पहिला थांबलाच नाही. दुसऱ्यानं खिसे चाचपल्यासारखं केलं आणि हसून हात हलवले. तिसरे एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "बाई, आम्हाला कुठं तिकीट लागतं? आम्ही आलो की दार उघडतं."

तेव्हा आम्हाला आमची चूक कळली. तिथं गेटपास नव्हताच. तिकीटवाले अर्धं फाडलेलं तिकीट दाखवून आत जात होते, आणि निघून जाणाऱ्यांची अर्धुकंसुद्धा रुमालवाला पुन्हा विकायला दुसऱ्या दारापाशी गोळा करत होता. ज्यांच्या खुर्च्या आम्हाला हव्या होत्या त्यांच्याकडे देण्यासारखा कागदच नव्हता.

मी म्हटलं, "चल आक्का. लग्नाची पंगत तरी सापडेल."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती त्या वयस्कर गृहस्थांच्या मागे गेली. ते जीपमध्ये चढत होते.

"साहेब, मग तो बिल्ला द्या."

"ह्यो?" त्यांनी छातीकडे पाहिलं. बिल्ला सगळ्यांच्यापेक्षा मोठा होता, सोनेरी झालरीचा. "ह्याचं काय करता?"

"गाणं बघायचंय. तुमची खुर्ची रिकामी आहे."

"घ्या की. लग्नात लावून गेलो तर नवऱ्याचा बाप समजतील." त्यांनी टाचणी काढली, बिल्ला तिच्या हातावर ठेवला आणि जीप गेली.

आक्कानं बिल्ला पदरावर लावला. त्यावर काय लिहिलंय ते तिनं पाहिलंच नाही. दारावरच्या कार्यकर्त्यानं मात्र वाचलं.

"तुम्ही स्वागताध्यक्ष?"

आक्कानं मान वाकवून स्वतःच्या छातीकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, आता ती हसेल आणि सगळं संपेल.

"हो," ती म्हणाली. "करा स्वागत."

"अहो, स्वागताध्यक्ष आत्ता माझ्यासमोर जीपमध्ये बसून गेले."

"गेले ना? मग स्वागत कोण करणार? आत बाई गाणार आहेत. पुढच्या रांगा ओस पडल्यात, ते इथून दिसतंय मला. इतक्या लांबून आलेल्या माणसाला रिकाम्या सोफ्यापुढं बसवायचं, हे तुमच्या नगरचं स्वागत?"

ती ओरडत नव्हती, पण आवाज ट्रॉलीवरचा होता. आतून संयोजकांचे चिटणीस धावत आले, घामानं भिजलेले. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, बिल्ला वाचला, आक्काकडे पाहिलं, मग मागं वळून रिकाम्या सोफ्यांकडे पाहिलं.

"बाईंनी दोनदा विचारलं आतून," ते कार्यकर्त्याला हळू म्हणाले, पण आम्हाला ऐकू आलं. "पुढची मंडळी येणार आहेत का म्हणून. काय सांगू मी?"

"आलीत म्हणून सांगा," आक्का म्हणाली. तिनं वळून हात केला. "आजोबा, या. पोरींनो, चला. भाऊ, चप्पल घाल पायात. हे सगळे माझे पाहुणे."

चिटणीस म्हणाले, "बसा, बसा, लवकर बसा," आणि स्वतः पुढं होऊन अर्धा सरकलेला पडदा पुरता बाजूला धरला.

आत शिरताना आक्का रुमालवाल्यापाशी थांबली. आम्हाला फुकट आत जाताना बघून बाहेरचे बाकीचेही आमच्या मागे येत होते आणि त्याच्या हातातल्या अर्धुकांना कुणी विचारेनासं झालं होतं.

"तुमीबी या," ती म्हणाली. "जागा लई हाय."

"माझा धंदा बसवलात, ताई," तो म्हणाला. "वर गानंबी ऐकू का?" आणि तो टपरीकडे निघून गेला.

आम्ही पहिल्या रांगेत बसलो. सोफ्यावर झेंडूच्या पाकळ्या आणि अर्धवट खाल्लेला पेढा होता. गायिका येऊन बसल्या, तंबोरे जुळले. त्यांनी समोर नजर टाकली. मघाच्या पांढऱ्या कपड्यांच्या जागी सुती साड्या, छत्र्या, पिशव्या, आणि मधोमध सोनेरी झालरीचा बिल्ला लावलेली एक शिक्षिका. त्या किंचित हसल्या असं मला वाटलं; नक्की सांगता येत नाही.

त्यांनी सारंग सुरू केला. मला गाण्यातलं फार कळत नाही, म्हणून मी आक्काकडे बघत होतो. ती चेहऱ्याकडे बघत नव्हती, हातांकडेही नाही. तिची नजर बाईंच्या खांद्यावरच्या पदराच्या काठावर आणि तिथून खाली कमरेच्या निऱ्यांवर जात होती. लोक वाहवा करत होते, तेव्हाही ती हलली नाही. बराच वेळ तसाच गेला. मला भीती वाटायला लागली की हिला काही दिसत नाहीये.

मग एका ओळीच्या मधे तिचा हात माझ्या मनगटावर आला. नखं रुतली. पुढच्या ओळीला पुन्हा. त्याच्या पुढच्या ओळीला नखं आधी रुतली आणि मग बाईंनी श्वास घेतला. म्हणजे आता तो कुठं येणार हे तिला आधी कळत होतं.

बाहेर आल्यावर तिनं बिल्ला काढून चिटणिसांच्या हातात दिला आणि उन्हात उभं राहून मला सांगितलं. "ती थांबतच न्हाई, भाऊ. मी संपेस्तोवर थांबते. समदं रिकामं झालं की मंग भरायला जाते. ती भरलेलं असतानाच घेती. निम्मं शिल्लक असतानाच. आन् लपवत न्हाई. मी लपवायला बघते म्हनून तुटतं." तिनं पोटावर हात ठेवून मला दाखवलं. "शिट्ट्यांची सवय लागली हुती मला."

एसटीत वऱ्हाडांची गर्दी होती. दोन वऱ्हाडांच्या मधे दांडी धरून उभ्या उभ्या ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती. राहुरीला जागा झाली तरी ती बसली नाही. उभ्यानं पोट मोकळं राहतं, म्हणाली.

पुढच्या शनिवारी मी तिच्याबरोबर मास्तरांकडे गेलो. मास्तरांनी तिला समोर बसवलं. हार्मोनियमचा भाता उघडला आणि सूर दिला. आक्कानं बंदिशीची अस्ताई सुरू केली. दुसऱ्या आवर्तनात ओळ तुटली. नेहमीसारखीच तुटली. मास्तरांची बोटं थांबली. मी ओट्यावर बसलो होतो, तिथून आत वाकून पाहिलं.

"तुटली," मास्तर म्हणाले.

"हो. उशीर केला मी. दोन मात्रा आधी घ्यायला हवा होता."

मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "कुणी सांगितलं दोन मात्रा?"

"कुणी नाही. दिसलं."

त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत त्यांनी एक हात वर धरून ठेवला होता, तिनं उठून जाऊ नये म्हणून. मग तो हात पुन्हा भात्यावर ठेवला.

"हं. पहिल्यापासून," ते म्हणाले.